सीपीयूचा ताळा

गेल्या लग्नसराईत, एप्रिलमधल्या एका दुपारी, पारगावच्या पुढच्या मळ्यातला एक व्हिडिओवाला माझ्या नारायणगावच्या दुकानात आला. मोटारसायकलवर मागे धाकटा भाऊ आणि भावाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सीपीयू. आमच्या जुन्नर-आंबेगावात अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. आत मदरबोर्डावर बसलेली दोन बोटं रुंदीची चौकोनी चिप म्हणजे प्रोसेसर. मीही तसंच बोलतो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

"दादा, व्हिडिओ रेंडरला लावला की धाडकन बंद पडतोय. दोन ठिकाणी विंडोज मारून आणलं. तुम्ही एकदा नीट फॉरमॅट मारा," तो म्हणाला. तेरा लग्नांचं शूटिंग त्याच्याकडे पडून होतं. हाती यायचे पैसे व्हिडिओ दिल्यावरच यायचे होते.

फॉरमॅट मी मारला नाही. बावीस वर्षं हा धंदा करतोय, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा कशात वाया जातो असं मला कोणी विचारलं, तर मी हेच सांगेन: यंत्राची तपासणी न करता मारलेल्या विंडोजमध्ये. साधं टायपिंग, तलाठ्याचे उतारे, यूट्यूब हे सगळं नीट चालतं आणि फक्त जड काम लावलं की संगणक पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतो. तो उष्णतेत, रॅममध्ये, वीजपुरवठ्यात किंवा प्रोसेसरमध्ये असतो. तो शोधायचा तर यंत्राला मुद्दाम घाम फोडावा लागतो. याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात.

नुसतं राबवून घेणं म्हणजे स्ट्रेस टेस्ट नव्हे. शाळेत गुरुजी नऊचा ताळा शिकवायचे, तो आठवा. ४७ गुणिले ३५ बरोबर १६४५. आता ४ आणि ७ अकरा, म्हणजे २. ३ आणि ५ आठ. २ गुणिले ८ सोळा, म्हणजे ७. उत्तराची बेरीज करा: १, ६, ४, ५ मिळून सोळा, म्हणजे ७. ताळा जमला. चांगली स्ट्रेस टेस्ट प्रोसेसरकडून प्रचंड हिशेब करवून घेते आणि दर थोड्या वेळाने असाच ताळा पाहते. संगणक चालू राहिला की पास झाला, असं नसतं. उत्तरं बरोबर यावी लागतात.

मी वापरतो त्या प्रोग्रॅमचं नाव प्राइम९५. त्याचा जन्म संगणक दुरुस्तीसाठी झालेला नाही. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी एक प्रकल्प सुरू केला. दोनचा कुठलातरी घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का ते पाहायचं. जगभरच्या लोकांनी हा प्रोग्रॅम चालवून आपापला संगणक या कामाला लावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये या प्रकल्पातून सापडलेल्या संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. अशा हिशेबात मधली एक पायरी जरी चुकली तरी आठवड्यांचं काम पाण्यात जातं. म्हणून आधी हा संगणक भरवशाचा आहे का, हे पाहण्याची सोय प्राइम९५ मध्येच करून ठेवलेली आहे. उत्तरं आधीच माहीत असलेले हिशेब तो करायला देतो आणि जुळवून पाहतो.

पारगावचा सीपीयू उघडला तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर धुळीचा नमदा बसला होता. नुसती धूळ नव्हे, उसाच्या पाचटाची राख, गोठ्यातल्या भुश्शाचे कण आणि घरातला तेलकटपणा, असं सगळं एकजीव झालेलं. ब्लोअरने ते उडत नाही, दाताच्या ब्रशने सोडवावं लागतं. पण साफ करण्याआधी मी टेस्ट लावली, कारण दोष आहे त्या अवस्थेत एकदा तरी पाहायचा असतो. तीन मिनिटांत प्रोसेसर ९९ अंशांवर गेला आणि त्याचा वेग खाली आला. डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. म्हणजे तापला की लगेच बंद पडतो, हा समज बरोबर नाही. आधी तो मंद होतो. मंद होऊनही उष्णता आवरली नाही, तरच बंद पडतो.

जाळी साफ केली, वाळून खडू झालेली पेस्ट काढून नवी लावली. दुकानात ३८ अंश तापमान होतं, तरी प्रोसेसर ७८ वर स्थिरावला. बरेच दुकानदार इथेच डबा बंद करून पैसे घेतात. मी टेस्टचा दुसरा प्रकार लावला. प्राइम९५ मध्ये छोट्या हिशेबांचा एक प्रकार आहे. त्यातला सगळा आकडेमोडीचा पसारा प्रोसेसरच्या पोटातल्या स्मृतीतच मावतो. तो प्रोसेसरला जास्तीत जास्त तापवतो, पण रॅमला फारसा हात लावत नाही. ब्लेंड नावाचा दुसरा प्रकार रॅमही भरून वापरतो. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास, तर संशय रॅमवर किंवा रॅमशी बोलणाऱ्या भागावर घ्यायचा.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. सहा कोअरपैकी एका कोअरवरचं काम तिथेच थांबलं, बाकीचे पाच चालूच. ही ओळ वाचून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ सरळ आहे. मोठे गुणाकार लवकर व्हावेत म्हणून हा प्रोग्रॅम ते दशांशात करतो. शेवटी उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. ७.०१ आलं तर ते ७ आहे हे नक्की. ७.५ आलं तर ते ७ की ८, कसं ठरवणार? म्हणजे वाटेत कुठेतरी चुकलं. संगणक बंद पडला नव्हता, निळा पडदाही आला नव्हता. तो शांतपणे चुकीचं गणित करत होता. मला या कामात सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. बंद पडलेला सीपीयू निदान माझ्या टेबलावर येतो. चुकीचं गणित करणारा कुणाच्या तरी पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेच्या निकालात चालू राहतो.

त्या डब्यात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक मूळची, एक नंतर विकत घेऊन घातलेली, दोन्ही वेगवेगळ्या घराण्यांच्या. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, कुणीतरी दोघींनाही ३२०० चा वेग लावून ठेवला होता. एकट्या एकट्या त्या त्या वेगाने धावायच्या, जोडीने धावत नव्हत्या. खोडरबराने पट्ट्यांचे संपर्क घासणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. संपर्क मळले असतील तर तो उपयोगी पडतो, इथे पडणार नव्हता. मी वेग २६६६ वर आणला. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवली, चारही फेऱ्या निर्दोष. सकाळी ब्लेंड लावली, संध्याकाळपर्यंत एकही चूक नाही. व्हिडिओवाल्याला फोन केला. बिबट्यांमुळे त्या बाजूचे लोक अंधार पडायच्या आत घर गाठतात. तो पाचला आला आणि लगेच निघाला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दादा, पुन्हा तेच. काल साडेसातला बंद पडला, आज पावणेआठला."

माझ्या दुकानात तोच डबा तेरा तास न हलता चालला होता. मी पुन्हा मागवून घेतला, पुन्हा टेस्ट केली, पुन्हा पास. अशा वेळी माणसाला प्रोसेसरच बदलून टाकावासा वाटतो. तो मोह टाळायला मला खोडदने शिकवलं आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येतो.

नारायणगावपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मधल्या चौकात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे शाळांची रीघ लागते. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी पहिली मोठी डिश तिथेच पाहिली. पाहणाऱ्याचं लक्ष डिशकडेच जातं, पण दुर्बीण घडते ती संगणकात. तीस डिशमधून आलेला संकेत प्रत्येक जोडीत ताडून पाहायचा, म्हणजे ४३५ जोड्या, आणि तेही चालू वेळेत, कारण आकाश थांबत नाही. हे काम पूर्वी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. मग तिथल्या लोकांनी ते बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांच्या संगणकांवर आणलं. ४८ लिनक्स संगणकांचा तो समूह होता, आणि त्याची माहिती २०१० साली शोधनिबंधात प्रसिद्ध झाली. दुर्बिणीचं नंतर आधुनिकीकरण झालं, तेव्हा ग्राफिक्स प्रोसेसर आले. म्हणजे मी टेबलावर जे भाग हाताळतो, त्यांचेच भाऊबंद दहा-बारा किलोमीटरवर आकाशाचा हिशेब करत होते. हे मला कळलं तेव्हा आपल्या कामाकडे बघायची माझी नजर बदलली.

आणि त्यांचाही ताळा असतो. नव्या गोष्टीचं निरीक्षण करताना ते अधूनमधून दुर्बीण एखाद्या ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे वळवतात. ३सी२८६ हा त्यातला एक. त्याची तेजस्विता जगाला ठाऊक आहे. त्याचा आकडा बरोबर आला तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास. शिवाय ताळा पाहायचा तो जिथे निरीक्षण चाललंय तिथेच, त्याच रात्री, त्याच डिशांनी. माझी चूक इथेच झाली होती. मी ताळा पाहिला तो माझ्या दुकानात, माझ्या स्टॅबिलायझरवर. सीपीयू बंद पडत होता पारगावच्या मळ्यात, संध्याकाळी.

दोष जिथे दिसतो तिथे असतोच असं नाही, याचं मोठं उदाहरण अलीकडेच जगाने पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना कोसळायचे, आणि पडद्यावर सूचना यायची ग्राफिक्स कार्डाची स्मृती संपल्याची. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष होता प्रोसेसरमध्ये. त्याला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने आतलं घड्याळाचं सर्किट अकाली झिजत होतं. २०२४ मध्ये कंपनीने कारण मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे दुरुस्त संच) दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. तुमच्या घरात या पिढीचा, ६५ वॅट किंवा त्याहून मोठा प्रोसेसर असेल, तर बायोस अद्ययावत करून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

प्रोसेसर गणितात चुकू शकतो, हे जगाला ठळकपणे दिसलं १९९४ मध्ये. थॉमस नाइसली हे अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. मूळ संख्यांच्या हिशेबात त्यांना आकडे जुळेनात. त्यांनी एकेक शक्यता वगळत नेली आणि शेवटी पेंटियम प्रोसेसरवर येऊन थांबले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ हा भागाकार १.३३३८ यायला हवा, तिथे १.३३३७ यायचा. इंटेलने त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. २०१६ च्या जानेवारीतही प्राइम९५ चालवणाऱ्यांनीच नव्या प्रोसेसरमधला असाच एक दोष उघडकीला आणला, आणि तो बायोसमधून दुरुस्त झाला. पण वाचकांनी लक्षात ठेवावं की ही अपवादात्मक प्रकरणं आहेत. प्रोसेसर हा डब्यातला सगळ्यात कमी बिघडणारा भाग. नाइसलींनी आधी बाकी सगळं वगळलं, मग त्याच्यावर बोट ठेवलं.

तर मी मल्टिमीटर घेऊन पारगावला गेलो. साडेसहाला पोचलो. ऊस, पलीकडे कांदा, आणि विहिरीवर मोटर. विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद रोज संध्याकाळची होती. ती फक्त एवढंच सांगते की संगणक रीतसर बंद न होता पडला, कारण सांगत नाही. प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरचा दोष पकडला, तर व्हीआ-लॉगर नावाची वेगळी नोंद येते. ती एकही नव्हती. निळा पडदा नाही, प्रोसेसरची तक्रार नाही, नुसतं अचानक विझणं. याचा अर्थ संशय विजेवर.

प्राइम९५ लावलं, सोबत ग्राफिक्स कार्डालाही काम लावलं. रेंडर दोघांनाही राबवतो आणि दुकानात मी फक्त प्रोसेसर राबवला होता. भिंतीतल्या बोर्डावर २१८ व्होल्ट. डब्यातल्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत १२.१. सगळं छान. त्याच्या आईने चहा दिला. सव्वासातला आजूबाजूच्या मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या आणि ट्यूब पिवळट झाली. बोर्डावर १९०, मग १७६, मग १६८. पिवळ्या वायरीत ११.३. बारा व्होल्टमध्ये पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ही खालची हद्द. मी आकडा मोठ्याने वाचला आणि तेवढ्यात डबा विझला.

"हे रोजच होतं हो," आई म्हणाल्या. "मिक्सर पण फिरत नाही या वेळेला."

संध्याकाळी विजेचं काय होतं, हे तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

कारण असं. डब्यातला एसएमपीएस घरातल्या विजेचं आधी सरळ विजेत रूपांतर करून एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. घरात २३० व्होल्ट असतील तर त्यात साधारण ३२५ साठतात, १६८ असतील तर २३८. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून साठा निम्म्याच्या आसपास येतो. त्याच वेळी तेवढंच काम करायला त्याला भिंतीतून जास्त करंट ओढावा लागतो. साधं टायपिंग चालू असेल तर हे निभतं. रेंडर चालू असेल तर निभत नाही. त्याच्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलं होतं, आणि बारीक अक्षरांत २०० ते २४० व्होल्ट. ही बारीक अक्षरं आपल्या भागात वॅटपेक्षा महत्त्वाची आहेत. १०० ते २४० व्होल्टवर चालणारे, ॲक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस बाजारात मिळतात. महाग असतात, पण मळ्यात राहणाऱ्याने तोच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. आम्ही तो बसवला, त्यामागे चांगला स्टॅबिलायझर लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात ते दहा मी पुन्हा त्याच्या घरी बसलो. भिंतीत १७०, पिवळ्या वायरीत १२.०. ताळा जमला. मेअखेरपर्यंत तेराही लग्नं देऊन झाली.

तुम्हाला घरी असं काही तपासायचं असेल, तर काही गोष्टी सांगतो. आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. टेस्ट लावून बाहेर जाऊ नका, पहिली दहा मिनिटं तापमानावर नजर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पेस्ट, रॅम आणि एसएमपीएस एकदम बदललेत, तर संगणक बरा होईल, पण कशाने ते कळणार नाही. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही काळ राहते. आणि बिघाडाची वेळ लिहून ठेवा, घड्याळ बघून. त्या मुलाने फोनवर साडेसात, पावणेआठ असं सांगितलं होतं. उत्तर त्यातच होतं, मी ते ऐकून सोडून दिलं.

आता माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक सीपीयूच्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवतो: टेस्टची तारीख, किती तास चालली, सर्वाधिक तापमान, रॅमचा वेग, आणि शक्य झालं तर गिऱ्हाइकाच्या घरचं संध्याकाळचं व्होल्टेज. तुम्ही जुन्नरला, मंचरला, आळेफाट्याला, घोडेगावला, कुठेही संगणक दुरुस्त करून घ्या, पण पैसे देण्याआधी ही चिठ्ठी मागा.